मंजुरीचा अधिकार





पुण्यातल्या या परिषदेची निमंत्रणं धाडताना स्वागत समितीने सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या बरोबरीने बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना आणि लेखापरीक्षकांनाही आग्रहाने बोलावलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट आता परतावे मंजूर करतात, ऑर्डरी देतात, नोंदी बदलतात. कोणाला किती अधिकार द्यायचा, हा प्रश्न बँकेतल्या माणसाच्या रोजच्या कामातला. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची. मंजुरीची मर्यादा ओलांडली की प्रकरण वरच्या कार्यालयात. ही शिस्त नव्या प्रणालींना लावावीच लागेल, असं माझं ठाम मत आहे.

ही शिस्त नसली की काय होतं, ते दोन प्रकरणांत दिसतं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं, की तिकीट आधी काढा, सवलत ९० दिवसांत मागता येईल. नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा चॅटबॉटच्या बोलण्याला तो स्वतःच जबाबदार, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. भरपाई जेमतेम ८१२ कॅनेडियन डॉलरची. पण जबाबदारी कोणाची, ते स्पष्ट झालं.

नाइट कॅपिटलचं प्रकरण मला अधिक अस्वस्थ करतं. १ ऑगस्ट २०१२ रोजी या अमेरिकी दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. बाजार उघडण्यापूर्वी त्यांच्याच प्रणालीने या बिघाडाचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्यांवर कोणी हललं नाही. यंत्र बोललं होतं. ऐकणं हे कोणाचं काम, ते ठरलेलं नव्हतं.

प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात माणसाच्या निर्णयाला अग्रमान दिला आहे. तो कागदावर राहू नये, ही माझी कळकळ. देखरेखीला बसवलेल्या माणसाकडे प्रकरण वाचायला वेळ हवा, ते समजण्याइतकी माहिती हवी आणि चालू काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकारही हवा. दिवसभर नुसतं मंजुरीचं बटण दाबणाऱ्याला देखरेख करणारा म्हणणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

म्हणूनच पहिल्या सत्रात लेखापरीक्षक आधी बोलतील, अभियंते त्यांना उत्तर देतील. उद्घाटनासाठी मी अध्यक्षांना विनंती करतो.