कोमोडोचा सरडा आणि परसातील गोगलगाय

इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा आदी बेटांच्या मुलखात ज्याचा निर्वेध अंमल चालतो, तो 3 मीटरांपर्यंत वाढणारा, हरणांना व रेड्यांनाही विषारी दंशाने जेरीस आणणारा कोमोडो सरडा, आणि पावसाळ्यात परसातील ओल्या दगडाखाली आढळणारी बिनशंखाची गोगलगाय, यांची तुलना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. एक पृष्ठवंशी, दुसरी अस्थिहीन मृदुकाय. परंतु दोहोंचे विलक्षण साम्य आहे ते गंधज्ञानाच्या कारभारात. सरडा आपल्या दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंधकण टिपून टाळूतील एका विशेष इंद्रियाकडे रवाना करतो आणि वारा अनुकूल असल्यास काही किलोमीटरांवरील मृत जनावराचाही माग काढतो. दृष्टी अत्यंत मंद असलेली गोगलगाय हेच कार्य मस्तकावरील शृंगिकांच्या दोन जोड्यांकडून करवून घेते. प्रजननाची हकिकत तर अधिकच विस्मयकारक आहे: गोगलगाय उभयलिंगी, आणि कोमोडो मादीही नराच्या संपर्कावाचून फलद्रूप अंडी घालू शकते, हे 2006 साली इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांत सिद्ध झाले. तेव्हा परसातील गोगलगायीवर मीठ टाकण्यापूर्वी तिच्या शृंगिकांची हालचाल एकवार अवश्य निरखावी, अशी आपणांस विनंती आहे.