जुना ट्रक घेताना

जुना ट्रक बघायला डीलरकडे जाताना विश्वासातला मेकॅनिक सोबत न्या आणि इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सुरू इंजिनाच्या ऑइलच्या तोंडातून जोरात धूर येत असेल, तर मोठं काम जवळ आलंय असं समजा. पाटे, चासीवरचं वेल्डिंग, टायर रिमोल्ड आहेत का, हे वाकून बघा. प्रत्येक दुरुस्तीचा अंदाजे खर्च कागदावर मांडा आणि तो कागद पुढे ठेवूनच भाव मागा. नुसतं ‘थोडं कमी करा’ म्हटलं, की डीलर नव्या रंगाचा खर्च ऐकवतो.

८ वर्षांपुढच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी लागतं. ते संपत आलं असेल, तर तोही खर्च किमतीतून वजा करा. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तिची एनओसी आणि फॉर्म ३५ बघितल्याशिवाय विसार देऊ नका. आयुष्यभराची पुंजी इथेच अडकते. थकलेली ई-चलनं कोण भरणार, हे लिहून घ्या. गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीकडेही नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो.