'विधेयक' आणि 'विहित'

वृत्तपत्रात 'विधेयक संमत' असा मथळा झळकला, की पुष्कळांना वाटते, कायदा झाला. हा समज किती खरा, हे तो शब्दच आपल्याला सांगू शकतो.

'धा' या धातूला 'वि' उपसर्ग लागून विधी, विधान, विधाता हे शब्द सिद्ध झाले. विधेय हाही त्याच कुळातला. पेय म्हणजे प्यावयाचे, देय म्हणजे द्यावयाचे. तसे विधेय म्हणजे विहित करावयाचे. देय रक्कम जशी अद्याप हाती पडलेली नसते, तसे विधेयकातील कलम अद्याप कोणावर बंधनकारक नसते. ते बंधनकारक झाले, म्हणजे 'विहित' होते. कचेरीतील 'विहित नमुना' आपल्या परिचयाचा आहेच. विधेय आणि विहित यांचा धातू एकच. अंतर आहे ते 'करावयाचे' आणि 'केलेले' यांतले.

आपल्या शेजारभाषाही हेच सांगतात. बेळगावकडील मराठी माणसाच्या कानांवर कानडीतला 'मसूदे' हा शब्द पडतो, तर बडोद्याच्या माणसाच्या कानांवर गुजरातीतला 'खरडो'. आपला मसुदा आणि आपला खर्डाच हे! दोहोंचा अर्थ कच्चे लिखाण. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदीत मात्र आपल्याप्रमाणेच विधेयक हाच शब्द रूढ आहे.

संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले, तरी राष्ट्रपतींची अनुमती मिळेपर्यंत त्याचा अधिनियम होत नाही. राज्याच्या विधेयकाला राज्यपालांची, आणि काही बाबतींत राष्ट्रपतींची, अनुमती लागते. अनुमतीनंतरही तो अंमलात केव्हा येणार, हा प्रश्न उरतोच. केंद्रीय अधिनियमात त्यासाठी वेगळी तरतूद नसेल, तर १८९७ च्या सामान्य वाक्यखंड अधिनियमानुसार तो अनुमतीच्याच दिवशी अंमलात येतो. तरतूद असेल, तर त्या तारखेची वाट पाहावी लागते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती घ्या. तिचे विधेयक २० डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत मांडले गेले. राष्ट्रपतींची अनुमती मिळाली ५ सप्टेंबर २००५ रोजी आणि कायदा अंमलात आला ९ सप्टेंबरला. विधेयक मांडले गेले, त्या दिवशी कोणत्याही मुलीला नवा हक्क लाभला नाही. तरीही तो दिवस वाया गेला नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना व हस्तांतरणांना बाध येणार नाही, असे कायद्यानेच म्हटले. विधेयकाची चाहूल लागताच घाईने कागद करून मुलींना वगळू पाहणाऱ्यांची वाट त्यामुळे अडली. एकेका तारखेवर एखाद्या बहिणीचा वाटा असा अवलंबून असतो.

म्हणून यापुढे असा मथळा दिसला, की तीन प्रश्न विचारावेत: एका सभागृहाने संमत केले, की दोन्ही? अनुमती मिळाली काय? अंमल कोणत्या तारखेपासून? शेवटचे उत्तर हाती येईपर्यंत त्याच्या भरवशावर कोणताही व्यवहार करू नये. मात्र तोवर स्वस्थही बसू नये. विधेयक सभागृहापुढे असते, तोवर त्यात फेरफार होऊ शकतो. चिकित्सा समितीकडे गेले असता नागरिकांच्या सूचनाही मागविल्या जातात. जे अद्याप 'करावयाचे' आहे, त्यात आपलाही शब्द पडू शकतो. एकदा ते विहित झाले, म्हणजे ते पाळणे हेच आपल्या हाती उरते.