पाण्याचे पैसे नसतात



मुंबईहून सायकलनं कोकणात उतरायचं तर पहिली अडचण पनवेल-पेणच्या महामार्गाची. ट्रकच्या सोबतीनं पेडल मारण्यात काही मौज नाही. पण समुद्र ही अडचण सोडवतो. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारींच्या रांगेशेजारी सायकलीलाही जागा मिळू लागली. त्याआधी रेवसच्या लाँचमध्ये सायकल चढवताना खलाशी, कोळणींच्या पाट्या आणि आपण यांच्यात चांगली झटापट व्हायची. शेवटी एखादी कोळीणच म्हणायची, "आण इकडं, मी धरते."

मांडव्यापासून अलिबाग सुमारे 20 किलोमीटर, अलिबागपासून रेवदंडा 17, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. सगळं मिळून 70 किलोमीटरच्या आसपास. सराईत सायकलवाला दुपारच्या जेवणाला मुरुडात पोचेल. शिवाय हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येचा, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. तरी मला संध्याकाळ झाली. वाटेत माणसं फार भेटली.

थळच्या फाट्यापाशी एक आगरी आजी वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मी शेंगा घेणार नाही हे तिला माझ्या अवताराकडे बघूनच कळलं. "अवऱ्या उनान कनाला सायकल चालवतंस? पानी पी आदी," असं म्हणून तिनं आपली बाटली पुढे केली. त्या फाट्यावर ती बाटली तिला दिवसभर पुरवायची होती. मी दोन घोट घेतले, तर म्हणाली, "पी की नीट!"

अलिबागमध्ये मी फारसा थांबलो नाही. समुद्रात कुलाबा किल्ला आणि किनाऱ्यावर ती जुनी चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं तिथल्या कुलाब्यातल्या नाजूक उपकरणांची सुई हलणार, म्हणून 1904 साली वेधशाळेचं काम इथं आणलं. मुंबईच्या गडबडीला कंटाळून अलिबागला आलेल्यांत पहिला मान या सुईलाच द्यायला हवा.

खरी मजा पुढं, नागाव-चौलच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून एक अरुंद डांबरी रस्ता, आणि दर चार घरांमागे एक पाटी: 'घरगुती जेवण व राहण्याची सोय'. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं या वाड्यांची दैना केली. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला काही वर्षं जातात. तोपर्यंत घराला आधार कशाचा? ज्यांच्याकडे चार खोल्या होत्या, त्यांना पाहुण्यांचा. म्हणजे आदरातिथ्य हा इथला धंदाच आहे, आणि तो उघड आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या दारात लागतात. मी गेलो तो मधला वार होता, आणि माझ्याजवळ गाडी नव्हती.

अशाच एका दारात मी पाणी मागितलं. घरातल्या वहिनींनी विचारलं, "कोणाकडे आलात?" कोकणातला हा पहिला प्रश्न. नाव नंतर, गाव नंतर, आधी घर. गावात शिरलेला माणूस कोणाचा तरी असणारच, हे त्यात गृहीत असतं. मी म्हटलं, "कोणाकडेच नाही, मुरूडला निघालोय." "बरं, मग बसा," म्हणाल्या. पाणी आलं, पाण्याबरोबर गूळ आला, मग चहा. जेवायची वेळ झालीच होती, म्हणून मी थाळीचं विचारलं. त्यांनी पाटीवरचा दर सांगितला, एक रुपया कमी नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, तळलेली मांदेली, सोलकढी. पैसे देताना मी चहाचेही धरले, तर त्यांनी ते मोजून परत केले आणि जरा रागावल्याच. "चहा काय मी विकते?"

तेव्हापासून मी हा हिशेब बघत आलो आहे. थाळी विकायची, खोली विकायची. पाणी, चहा, सावली आणि वाटेची माहिती विकायची नाही. ही रेघ कुठं लिहिलेली नाही, पण मांडव्यापासून मुरूडपर्यंत ती कुठं हलली नाही. रेवदंड्यात मागचं चाक बसलं. दुकानदार मोटरसायकलींचं पंक्चर काढणारा. माझ्या बारीक वॉल्व्हला त्याचा पंप लागेना. त्यानं घमेल्यात पाणी भरून ट्यूब बुडवली, बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं, हवा माझ्या हातपंपानं मीच भरली. ठिगळाचे पैसे त्यानं चोख घेतले. मग पोराला पाठवून दोन चहा मागवले आणि त्याचे मात्र मला देऊ दिले नाहीत.

याच चौल-रेवदंड्याच्या बंदरात 1469 च्या सुमारास एक माणूस उतरला, त्याला 'कोणाकडे?' या प्रश्नाचं उत्तर माझ्याहून अवघड गेलं असतं. अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. होर्मुझहून विकायला एक घोडा घेऊन आलेला. त्यानं लिहून ठेवलंय की आपण जाऊ तिथं गोरा माणूस बघायला लोक मागे लागतात. पुढं जुन्नरच्या खानानं त्याचा घोडाच काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा देतो आणि वर हजार मोहरा, अशी बोली. अखेर एका खुरासानी गृहस्थानं, जो स्वतःही परदेशीच, खानाकडे रदबदली करून घोडा सोडवला. आज रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. त्या खुरासानी माणसाचा मात्र कुठं दगडही नाही. प्रवासवर्णनांत असंच होतं, चालणारा लक्षात राहतो.

साळावचा पूल ओलांडून कोर्लईला पोचलो. इथले पोर्तुगीज 1740 मध्ये गेले. त्यांच्या भाषेची एक मराठी वळणाची लेक मात्र हजारभर ख्रिस्ती माणसांच्या तोंडी अजून नांदते. चर्चच्या सावलीला मी टेकलो, तर सुकट वाळत घालणाऱ्या दोन बायका आपसांत त्या भाषेत माझ्याविषयी काहीतरी बोलल्या आणि खूप हसल्या. काय बोललात, असं विचारलं, तर स्वच्छ मराठीत उत्तर आलं: "काही नाही, ऊन उतरल्याशिवाय निघू नका." मी निमूट थांबलो. हसण्याचं कारण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काशीदच्या पुढचा चढ मी सायकल हातात धरून चढलो आणि दिवेलागणीला मुरुडात शिरलो. ज्यांच्याकडे उतरलो ते काका वाडीला पाणी लावून आले होते. उद्याचा बेत त्यांनीच ठरवला: आगरदांड्याहून फेरीबोट धरून दिघीला उतरायचं, तिथून दिवेआगर. मग मला न विचारता त्यांनी मोबाइल काढला आणि दिवेआगरच्या आपल्या साडूला लावला.

"उद्या एक सायकलवाला येतोय. हो, एकटाच. नाही, गाडी नाही. आपलाच समज." मग माझ्याकडे बघून जरा आवाज चढवून, "खोलीचा दर नेहमीचाच लाव हो! आणि मासे जास्त तिखट करू नकोस, आत्ता इथं घाम फुटलाय त्यांना."