ठराव झाला, पण नळ कुठं आहे?



१९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं करायचा ठराव केला. प्रत्यक्ष पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला. हायकोर्टाचा निकाल आला १९३७ साली.

मी राखीव जागेवरची नगरसेविका. आमच्या वस्तीच्या पाइपलाइनचा ठराव एकमतानं मंजूर झाला, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. तिथंच चुकलं. पाइप अलीकडच्या चौकात थांबला. पुढची वर्क ऑर्डरच निघाली नव्हती. आता मी नुसतं ‘मंजूर’ ऐकून उठत नाही. काम कधी सुरू होणार, ती तारीख इतिवृत्तात लिहून घेते. तुम्हीही आपल्या नगरपालिकेत इतिवृत्ताची नक्कल मागा.

जय भीम, जय संविधान!