माळ्यावरची गोधडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

वेळ थोडा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माळ्यावर अर्धवट शिवलेली गोधडी बांधून ठेवलेली असेल. पोरं, नोकऱ्या, दुखणीखुपणी, राहून जातं. आमच्या सासूबाईंनी घातलेली गोधडी सोळा वर्षं तशीच होती. यंदा उन्हाळ्यात पुरी केली.

नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर होतात. अशी दोन लुगडी शेजारी शेजारी जोडली की दोघांचं पांघरूण होतं. आमच्याकडे धावदोरा कडेने सुरू करून फिरत फिरत मध्यावर आणतात. त्यामुळे काम कुठे थांबलंय ते लगेच दिसतं. आधी गोधडी उन्हात घाला, घडीवर विरलेल्या जागी ठिगळ लावा आणि तिथूनच पुढे शिवा. जुने टाके उसवू नका. सासूबाईंचे टाके बारीक, माझे लांब. दोन्ही दिसतात, दिसू देत की!

सुती लुगडी नेसणाऱ्या आता थोड्याच उरल्यात. शिवणाऱ्या आज्यांचे डोळेही थकलेत. त्या आहेत तोवर विचारून घ्या.

आपल्या मुळशीत पाऊस लागला की जाड गोधडी वाळत नाही. म्हणून येत्या उन्हाळ्यात दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये बसू. गाठोडी खाली काढा. सुया आणि जाड दोरा मी आणते.