होडीचा पावसाळा



आपला जिल्हा समुद्रापासून लांब. तरी होडी आपल्याला परकी नाही. १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. तिथे अडलेल्या गोदावरीच्या पाण्याला एकनाथ महाराजांवरून नाथसागर म्हणतात. त्या पाण्यातल्या मासळीवर कितीतरी घरांची चूल पेटते. तुमच्यातही कुणाची पेटत असेल.

थंड मुलखात हिवाळ्यात पाणी गोठते. म्हणून तिकडे होड्या हिवाळ्याआधी काठावर काढून झाकतात. आपल्याकडे तेच काम पावसाळ्याआधी करायचे. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासळी अंडी घालते, दर्याही खवळलेला असतो. तेव्हा कोळी लोक होड्या वर ओढतात आणि झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने झाकतात. याला होडी शाकारणे म्हणतात. घर शाकारतात ना, तशीच होडी!

आम्हाला वाटायचे, होडी जन्मभर पाण्यात राहते, तिला पावसाची कसली भीती? कोकणात गेलो तेव्हा उलगडा झाला. खारात लोणचे टिकते, तसे खाऱ्या पाण्यात लाकूड सहजी कुजत नाही. पावसाचे पाणी गोडे. ते होडीच्या तळाशी साचले, की ओल आणि हवा दोन्ही मिळून लाकडाला बुरशी धरते. फळी वरून धड दिसते, आतून भुसा होतो. नाथसागराचे पाणी तर मुळातच गोडे. म्हणून आपण अधिक जपायचे.

आधी होडी धुवा, शेवाळ खरवडा. मग सावलीत सुकवा. कडक उन्हात फळ्या फाकतात. फटींत कापूस ठोकून तेलात कढवलेली राळ भरा, वरून तेलाचा हात द्या. होडी मातीवर टेकू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. झाकताना दोन्ही टोकांना वारा खेळू द्या.

आणि तळाचे बूच काढा! आमच्या ओळखीच्या एका घरी एवढेच राहून गेले. ताडपत्री वाऱ्याने उडाली, होडीचा हौद झाला. दसऱ्याला पाहतात तो तळ कुजलेला, दोन फळ्या हाताने निघाल्या. होडीचे कर्ज मात्र होते तिथेच होते.

आणखी एक. इकडे ऊन पडलेले असले, तरी नाशिककडे जोराचा पाऊस झाला की नाथसागर चढतो. होडी काठाला ठेवाल तर रात्रीतून वाहून जाईल. पाणी भरते त्या खुणेच्या वर ओढा, झाडाला बांधा. जाळी धुऊन, वाळवून उंच टांगा. नाहीतर उंदीर आहेतच.

काढलेले बूच हमखास हरवते. ते दाराजवळच्या खुंटीला अडकवा. पावसाळा सरला की होडी पाण्यात लोटण्याआधी ते पहिल्याने बसवा. हसू नका मंडळी, तेही विसरणारे आम्ही पाहिले आहेत.